चढावर बंद, गार झाली की चालू

वाचकांचे प्रश्न : ट्रेल आणि डर्ट बाईक

या वेळच्या पत्रांत एकच गाऱ्हाणं निरनिराळ्या तोंडून आलं आहे. गाडी रानात बंद पडते, तिथे काही केल्या चालू होत नाही, आणि टेम्पोत घालून गॅरेजला नेली की पहिल्या किकला चालू. मेकॅनिक हात पुसत म्हणतो, "गाडीला काहीच नाही झालं." त्याचंही चुकत नाही, त्याच्यासमोर आली तेव्हा ती गार झालेली असते. बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत जे कळतं ते नंतर कळत नाही, म्हणून खाली बहुतेक तपासण्या जागेवरच करायला सांगितल्या आहेत. आणि पत्र पाठवताना गाडी कशी बंद पडली ते नक्की लिहा : आचके देत देत, की बटण दाबल्यासारखी एकदम. निम्मं उत्तर तिथेच असतं.

प्रश्न : १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली ट्रेल बाईक आहे. ठोसेघरमार्गे चाळकेवाडीला जाऊन पवनचक्क्यांकडच्या कच्च्या रस्त्याला लागलो की वीस-पंचवीस मिनिटांत बंद. किक मारून पाय भरून येतात. पंधरा मिनिटं थांबलं की चालू होते, पुढे पुन्हा तेच. प्लग, सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा), एअर फिल्टर बदलून झाले. — सातारा

तुम्ही तीन सुटे भाग बदललेत, पण बंद पडलेल्या क्षणी इंजिनाला पेट्रोल मिळत होतं का आणि ठिणगी पडत होती का, हे पत्रात कुठेच नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढचा भाग विकत घेऊ नका.

गाडी बंद पडली की आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण) आणि पेट्रोल कॉक बघा. कॉक 'ऑन'वर असेल तर 'रिझर्व्ह'वर फिरवा. मग किक मारायच्या आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. 'सुस्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला, आणि झाकण लावून मिनिटभर थांबल्यावर गाडी चालू झाली, तर चोर सापडला. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. झाकणातलं बारीक भोक किंवा तिथून निघणारी नळी चिखलाने, फुफाट्याने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोलची धार बारीक होत जाते. सपाट रस्त्यावर तेवढ्यावर भागतं. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जास्त पितं, कार्ब्युरेटरच्या तळाची, पेट्रोल साठवणारी वाटी रिकामी होते आणि गाडी आचके देत बंद पडते. दरम्यान थोडी हवा आत झिरपते, वाटी पुन्हा भरते आणि आपल्याला वाटतं गाडी 'गार झाल्यामुळे' चालू झाली. पंधरा मिनिटांचं गणित पुष्कळदा हेच असतं. झाकण काढून भोकात तोंडाने हवा फुंकून बघा. एका बाजूने तरी हवा सहज गेली पाहिजे. काही झाकणांत एकेरी झडप असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जाईलच असं नाही.

झाकणाने फरक पडला नाही तर वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा. त्याची नळी पारदर्शक बाटलीत सोडा आणि बाटली सायलेन्सरपासून लांब धरा. सुरुवातीला वाटीतलं साठलेलं पेट्रोल येईल, ते मोजू नका. त्यानंतरही न थांबता एकसारखी धार यायला हवी. धार तुटून थेंब थेंब झाली तर कॉकच्या आतली जाळी, मधला फिल्टर किंवा फ्लोटची सुई (वाटीत पेट्रोल सोडणारी-थांबवणारी) यांपैकी काहीतरी अडलंय. बाटलीच्या तळाशी पाण्याचे गोळे वेगळे दिसले तर दोष पेट्रोलचाच.

धार चांगली असेल तर ठिणगीकडे वळा. स्क्रू घट्ट करा, कॉक बंद करा, सांडलेलं पुसा, हवेने वास जाऊ द्या. त्याआधी ठिणगी पाडू नका. इंजिनातला प्लग काढायची गरज नाही. खिशातला दुसरा, चालणारा प्लग कॅपमध्ये घाला, त्याचा धातूचा भाग हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि रबरी मुठीच्या पकडीने धरून किक मारा. उन्हात ठिणगी दिसत नाही, जॅकेटची सावली करा. निळी, 'चट् चट्' आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी किंवा अजिबात नसेल, तर दोष ठिणगीच्या बाजूचा, पुष्कळदा गरम झाल्यावर दम सोडणाऱ्या कॉइलचा. प्लग कशालाही न टेकवता किक मारत राहू नका, त्यात सीडीआयचा जीव जाऊ शकतो.

ठिणगी नसली तर क्रम असा ठेवा : प्लग कॅप, एचटी कॉइल (प्लगला जास्त दाबाची वीज देणारी), पल्सर कॉइल (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी), आणि एसी सीडीआय (बॅटरीऐवजी मॅग्नेटवर चालणारा) असेल तर मॅग्नेटमधली, त्याला वीज पुरवणारी सोर्स कॉइल. कॅप वायरवर स्क्रूसारखी बसते. ती फिरवून काढा, वायरचं टोक पाच मिलिमीटर छाटा, पुन्हा बसवा. एवढ्याने बऱ्याच गाड्या सुधारतात. कॉइल मल्टिमीटरवर मोजायची ती गाडी बंद पडलेली असताना एकदा आणि गार झाल्यावर एकदा. तांब्याच्या तारेचा रोध गरम झाल्यावर थोडा वाढणारच, पण गरम असताना मीटर एकदम 'ओपन' दाखवत असेल तर आतली बारीक तार ताणून सुटते आहे. गार झाली की टोकं पुन्हा टेकतात. अशी कॉइल टेबलावर कितीही वेळा मोजा, पासच होणार. किती ओहम असावेत ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या मॉडेलचा आकडा लावू नका. सीडीआयवर मात्र आमचा विश्वास सगळ्यांपेक्षा जास्त आहे. तो क्वचित जातो आणि सर्रास बदलला जातो.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी गरम गाडी पेटत नाही आणि किक नेहमीपेक्षा हलकी लागते? मग टॅपेट घट्ट झालेत, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट कमी झाली आहे. व्हॉल्व्ह आणि सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, ही फट कमी होते, आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबली की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. दाब निसटतो. अशी गाडी किकने उठत नाही, पण उतारावर ढकलली की उठते, ही तिची ओळख. सैल टॅपेट खडखडतं म्हणून लोक लक्ष देतात. घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, म्हणून कुणी उघडून बघत नाही. फट रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच मोजा. मॅग्नेट कव्हरच्या खिडकीत 'टी'ची खूण रेषेवर आणा आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलताहेत याची खात्री करा. हलत नसतील तर बहुधा पिस्टन चुकीच्या फेरीत वर आला आहे, एक पूर्ण चक्कर अजून फिरवा. फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, म्हणजे अंदाजाचं काम नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागतोच. फट बरोबर करूनही काहीशे किलोमीटरमध्ये पुन्हा घट्ट झाली तर हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह बघावे लागतील.

तुमच्या वर्णनावरून आमचा पहिला संशय झाकणावर आहे, दुसरा पल्सर कॉइलवर.

प्रश्न : दंडोबाच्या डोंगरात चढावर गाडी आडवी झाली. फारसं लागलं नाही, पण गाडी चालूच होईना. डिस्प्ले लागतो, सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही. २०० सीसी, फ्युएल इंजेक्शन. — मिरज

चावी पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली होती का? इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत कल ओळखणारा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो पेट्रोल पंप आणि ठिणगी तोडतो, आणि गाडी नुसती उभी केल्याने मोकळा होत नाही. उभी करा, चावी बंद, पाच-दहा सेकंद थांबा, चावी चालू. टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची 'घुंई' ऐकू आली पाहिजे. आली तर सेल्फ मारा.

घुंई नाही आली तर आधी किल स्विच, कारण पडताना हाताचा किंवा दगडाचा धक्का लागून तो बंद झालेला असतो आणि घाईत कुणाला दिसत नाही. मग फ्यूज. सेल्फच फिरत नसता तर क्लचच्या मुठीतला छोटा स्विच आणि साइड स्टँडचा स्विच बघायला सांगितला असता. मूठ वाकली की क्लच पुरता दाबूनही तो स्विच लागत नाही.

घुंई येते आणि पेट्रोलचा वास सुटलाय? मग इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा पेट्रोल गेलंय. रेस पूर्ण उघडी धरून सेल्फ पाच सेकंद मारा, अर्धा मिनिट विश्रांती, पुन्हा पाच सेकंद. बऱ्याच ईसीयूंना (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरना) पूर्ण उघडी रेस म्हणजे 'इंजेक्टर बंद ठेवून नुसती हवा ओढ' असा हुकूम असतो. पेटली की रेस लगेच सोडा. कार्ब्युरेटरच्या गाडीला हेच, फक्त कॉक बंद आणि चोक बंद करून. लोक नेमकं उलटं करतात : गाडी चालू होत नाही म्हणून चोक ओढतात आणि आधीच भिजलेल्या प्लगवर आणखी पेट्रोल ओततात.

गाडी बराच वेळ आडवी पडून होती तर ती आधी दोन मिनिटं सरळ उभी ठेवा, ऑइल खाली उतरू द्या. ब्रीदर नळीतून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) ऑइल एअर बॉक्समध्ये, म्हणजे फिल्टरच्या डब्यात जाऊन फिल्टर माखला असण्याची शक्यता असते. कागदी फिल्टर ऑइलने भिजला की त्यातून हवा जात नाही, गाडी चालू होऊनही गुदमरते. तो धुऊन परत येत नाही, बदलावाच लागतो.

प्रश्न : पावसाळ्यात ओढा ओलांडताना मध्येच गाडी बंद पडली. मित्रांनी बाहेर काढून धक्का मारून चालू करायचा प्रयत्न केला, चाक नुसतं घसरत होतं. नंतर ओढून आणली. आता काय काय तपासू? — शिराळा

चाक घसरलं हे तुमचं नशीब. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला धक्का कधीच मारू नका, सेल्फही नको. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ओढ्याचं पाणी हजारो रुपयांना पडतं.

गाडी आहे तशीच असेल, म्हणजे अजून कुणी सेल्फ मारला नसेल, तर आधी ऑइलची खिडकी किंवा डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर आतल्या बेअरिंगपर्यंत पाणी गेलंय, ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. रंग स्वच्छ असेल तर एअर फिल्टर उघडा. फिल्टर कोरडा आणि एअर बॉक्सच्या तळाला पाणी नाही, तर सिलिंडरमध्ये पाणी जायची शक्यता कमी. मग दोष बहुधा ओल्या प्लग कॅपचा. कॅप काढून आतून पुसा, वाळवा.

फिल्टर भिजलेला असेल तर तो काढा, एअर बॉक्सच्या तळाचं बूच उघडून पाणी सोडा आणि प्लग काढा. आता चावी बंद ठेवून वरचा गिअर टाका, क्लच सोडलेला ठेवा आणि गाडी हाताने पुढे ढकला. चाक इंजिन फिरवेल आणि पाणी प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं उडेल. तोंड तिथून लांब. सेल्फ, ठिणगी यांचा संबंध येत नाही, म्हणून ही रीत आम्हाला सेल्फ मारत बसण्यापेक्षा बरी वाटते. पाणी यायचं थांबलं की भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, आणखी थोडं ढकला, कोरडा प्लग लावा. कार्ब्युरेटर असेल तर वाटी रिकामी करा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसून थेट जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) शिरतं.

चालू झाल्यावरही ऑइल बदलाच. जुनं दुधाळ निघालं तर नवीन भरून पाच-दहा मिनिटं हळू चालवा आणि पुन्हा बदला, रंग स्वच्छ येईपर्यंत. पहिल्या फेरीला महागडं ऑइल ओतू नका, सांगितलेल्या ग्रेडचं साधं चालतं. चाकांच्या बेअरिंगा आणि ब्रेकही बघून घ्या.

एक गोष्ट कार्ब्युरेटरवाल्यांसाठी. पाणी एअर बॉक्सच्या बरंच खाली असतानाही गाडी ओढ्यात बंद पडते आणि बाहेर आल्यावर चालू होते, असं होत असेल तर कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळ्या बघा. त्यांची टोकं खाली लोंबत असतात. ती पाण्यात बुडाली की वाटीतला दाब बिघडतो आणि पेट्रोल चढत नाही. प्रत्येक नळीला 'टी' जोड लावून एक फाटा टाकीखाली वर नेऊन बांधला की हे थांबतं. खालचा फाटा तसाच राहू द्या, ओव्हरफ्लो तिथूनच बाहेर पडायचा आहे.

प्रश्न : यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० शेतातल्या ट्रॅकवर पळवतो. गरम झाली की स्लो (रेस सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) आपोआप वाढतो, मग दम सोडून बंद पडते. एकदा किक जाम झाली होती. — तासगाव

किक जाम झाली त्या दिवशीच थांबायला हवं होतं. ते सीझिंग आहे, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला होता. गार झाल्यावर किक मोकळी झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर ब्लॉक-पिस्टन मेकॅनिककडे.

मूळ कारण शोधल्याशिवाय नवीन पिस्टन घालू नका, तोही जाईल. स्लो आपोआप वाढणं म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत येते आहे. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांमधला रबरी जोड हे दोन मुख्य संशयित. प्लग पांढुरका पडला असेल तर खात्रीच धरा. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर खूण वेगळी : गिअर ऑइल सिलिंडरमध्ये ओढलं जातं, पांढरा धूर वाढतो, गिअर ऑइलची पातळी खाली जात राहते. सील बदलताना दोन्ही बाजूंची बदला. तिसरी शक्यता ऑइल पंपाची. या गाडीला २टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने मिळतं. पंपाची नळी निसटली किंवा तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला की इंजिन कोरडं पळतं. कुणीतरी पंप काढून टाकलेली गाडी तुम्ही विकत घेतली असेल आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं तुम्हाला माहीत नसेल, तर तेही आजच तपासा.

प्रश्न : गाडी दोन महिने उभी होती. आता चोक ओढल्यावरच चालते, चोक बंद केला की बंद. पेट्रोलमधल्या इथेनॉलने झालं का? — कराड

पायलट जेट (स्लोवर पेट्रोल देणारं) बुजलंय. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं आणि वाटीतलं पेट्रोल उडून राहिलेला चिकट थर तिथे बसतो. जेट काढून कार्ब क्लीनरची फवारणी आणि कॉम्प्रेसरची हवा. तार घालू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. उजेडासमोर धरल्यावर गोल, स्वच्छ भोक दिसलं पाहिजे.

इथेनॉलचा वाटा आहे, पण सगळं खापर त्यावर नको. इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि ओल जास्त झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो. जुन्या गाड्यांचे रबरी नळे आणि ओ-रिंगही त्याने फुगतात किंवा चिरतात. म्हणून गाडी महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : सांगलीत नीट चालणारी गाडी महाबळेश्वरला स्लोवर बंद पडते. उंचीमुळे जेट बदलावं का? — सांगली

नको. सांगली साधारण साडेपाचशे मीटरवर आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. एवढ्या चढाईत हवा सात-आठ टक्के विरळ होते. थोडी ओढ कमी वाटेल, गाडी बंद पडायचं कारण नाही. तुमचा स्लो मुळातच कमी ठेवलेला असणार, किंवा फिल्टर मळलेला असेल आणि खाली कसंबसं भागत असेल. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये पिळा (पेट्रोलमध्ये नाही, डिंक सुटतो आणि आगीची भीती), मग साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, फिल्टर ऑइल लावून जादा पिळून काढा. त्यानंतर इंजिन चांगलं गरम करून स्लो मॅन्युअलप्रमाणे लावा. अशा छोट्या इंजिनांना तो बहुधा १४०० आरपीएमच्या आसपास असतो. गार इंजिनावर लावलेला स्लो घाटात वर गेल्यावर फसवतो.